भिंत चाटणारे हिराजीअण्णा

हिराजीअण्णांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिंत चाटत होते.

देवाशप्पथ सांगते. मी रेवदंड्यात जागा-घरांची एजंट. चौलची एक बंगली ठाण्याच्या नवराबायकोला पसंत पडली होती. मालकाने आदल्या आठवड्यात आतून-बाहेरून पिस्ता रंग मारून घेतला होता, दारात रांगोळी होती, आत गुलाबाचा फवारा मारलेला होता. एवढ्यात ठाणेकरीणबाई म्हणाल्या, "आम्ही आमचे तपासनीस आणलेत, चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल की, आणा." मला वाटलं, असेल कुणी भाचाबिचा. तर आत आले एक साठी उलटलेले, काळेसावळे, उंच गृहस्थ. पायांत रबरी चपला, खांद्याला शबनम, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. कुणाशी बोलले नाहीत की पाणी घेतलं नाही. सरळ जिन्याखाली शिरले, ओल्या रुमालाने भिंतीचा कोपरा पुसला, थोडा गिलावा खरवडला आणि जीभ लावली.

"खारट," ते म्हणाले आणि थुंकायला बाहेर गेले.

मालक लालेलाल. "अहो, समुद्र हाकेवर आहे, भिंत खारट नाही तर काय गोड लागणार?"

"वरचं मीठ वाऱ्याचं, ते मी पुसलं," अण्णा म्हणाले. "आतलं मीठ माणसाचं. रेती कुठनं आणलीत? किनाऱ्यावरनं?"

मालक गिलाव्याचा चुरा पायाने सारायला लागला. आमच्या किनाऱ्यावर हा जुना रोग आहे. समोर फुकटची रेती पसरलेली दिसते, मग नदीची रेती विकत कोण आणतो? चार फेऱ्या मारल्या की घर उभं. पण ते मीठ आत राहून सळया खातं आणि काही वर्षांनी स्लॅब पोपडे टाकायला लागतो. हे मला अण्णांनी नंतर समजावलं. त्या दिवशी मात्र ठाणेकर गाडीत बसून निघून गेले आणि मी अण्णांना मनातल्या मनात असल्या शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता यायच्या नाहीत.

पुढे मला अक्कल आली. ती बंगली दुसऱ्या एजंटाने दुसऱ्या कुणाला बिनतपासणीची विकली. दुसऱ्याच पावसाळ्यात माजघराचा स्लॅब गळायला लागला आणि घेणारा रोज त्या एजंटाच्या दारात. बोलाचाली झाल्या, वकील झाले, शेवटी त्या एजंटाने फोन उचलणंच बंद केलं. मी म्हटलं, वैशाली, तू वाचलीस गं बाई. दुसऱ्या दिवशी मी अण्णांच्या घरी पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "खवा ताजा न्हाय." तेव्हापासून आमचं जमलं.

अण्णा सरकारी बांधकाम खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले. जातीचे कोळी, पण मासेमारी केली नाही. "बोटीची भोकं बुजवण्यापेक्षा घराची शोधलेली बरी," असं त्यांचं म्हणणं. लग्न केलं नाही. रेवदंड्यात दोन खोल्यांत राहतात आणि घरं तपासतात. तपासायला गेले की अर्धा दिवस घेतात. शबनममधून एक काचेची गोटी काढून जमिनीवर ठेवतात आणि ती कुठे पळते ते उकिडवे बसून बघतात. लहानशा हातोडीने एकेक लादी वाजवतात, कान लावून. घरातले सगळे नळ एकदम सोडतात. वरच्या न्हाणीघरात दोन बादल्या ओतायला लावतात आणि स्वतः खालच्या खोलीत छताकडे बघत खुर्चीवर बसतात. थेंब येईपर्यंत उठायचं नाही. एका मालकिणीने विचारलं, "थेंब आलाच नाही तर?" म्हणाले, "मग जेवूनच जाईन."

नवा रंग दिसला की त्यांचं डोकं फिरतं. "नवा रंग म्हणजे जुनं पाप," हे त्यांचं आवडतं वाक्य. आणि भिंतीवर कॅलेंडर दिसलं की ते आधी काढतात. आमच्याकडे चीर गेली की गवंडी बोलवायच्या ऐवजी कॅलेंडर लावतात, हे त्यांना पक्कं ठाऊक. काशीदला एका घरात एकाच भिंतीवर तीन कॅलेंडरं होती. अण्णा मालकाला म्हणाले, "तुम्ही वर्ष कुठलं धरता?"

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, माणूस विकणाऱ्याचा वैरी. तसं नाही हो. एकदा मुंबईचं एक गिऱ्हाईक त्यांना घेऊन गेलं आणि गाडीत हळूच म्हणालं, "जरा जास्तच खोट काढा, म्हणजे भाव पाडता येईल." अण्णांनी घर तपासलं, बाहेर आले आणि मालकासमोर खणखणीत आवाजात सांगितलं, "घर उत्तम हाय. ह्यांनी मला खोट काढायला सांगितली होती, पण सापडली न्हाय." ते गिऱ्हाईक मला पुन्हा कधी भेटलं नाही. पण त्या मालकाने मात्र दरवर्षी आंब्याची पेटी अण्णांकडे पाठवायची सोडली नाही. आता तर मी विकणाऱ्यांनाच सांगते, की बाबांनो, गिऱ्हाईक यायच्या आधी अण्णांना दाखवा. जे दुरुस्त होईल ते करा, जे होणार नाही ते उघड सांगा. सांगून विकलेलं घर परत दारात येत नाही.

एवढा गुणी माणूस, पण समारंभाला बोलवायची सोय नाही. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला लोक येतात ते "अण्णा, जेवायला मांडवातच या हं, आत गर्दी असेल," असं सांगून. एकाच्या दहाव्याला सगळे खाली मान घालून बसलेले, अण्णा मात्र वर बघत हात जोडून. बायका म्हणाल्या, किती भाविक. शेवटी ते गेलेल्याच्या मुलाजवळ गेले, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पावसाच्या आधी वासे बदल, वाळवी हाय." माझ्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा चहा बाजूला ठेवून सिंकखाली शिरले. माझा नवरा म्हणाला, "यांना बाहेर काढ." पण पाइप गळत होता, तो अण्णांनीच बसवला.

मधल्या काळात त्यांच्याबद्दल एक भलतीच बातमी उठली. थळच्या वाटेला, माशांची वाळवण घालतात तिथे, नारळाच्या बुंध्याआड अण्णा दुर्बीण लावून उभे असतात म्हणे! मासळी वाळवणाऱ्या बायकांनी पाहिलं होतं. एकीने मला दुकानात गाठलं. "काय गो वैशाली, तुझा म्हातारा कुणावर टपलाय? रिकामं घर बघत असता तर समजले असते." मी हसून वेळ मारून नेली, पण मनात म्हटलं, या वयात हे काय नवीन? विचारायची हिंमत झाली नाही.

मग गेल्या हिवाळ्यात माझ्या ऑफिसात पार्वतीबाई आल्या. सत्तरीच्या, नऊवारी कासोटा, हातात काठी, गळ्यात ठसठशीत सोनं. थळला त्यांचं दुमजली घर. नवरा, बोटीचा नाखवा, दोन वर्षांपूर्वी वारला. मुलगी सुनंदा लग्न होऊन उरणला. निजायची खोली वर, गुडघे गेले, जिना चढवत नाही, म्हणून हे घर विकून रेवदंड्यात एक लहानसं बैठं घर घ्यायचं होतं. घेणारं गिऱ्हाईक त्यांना ओळखीतून मिळालं होतं, डोंबिवलीचे कर्णिक नवराबायको, निवृत्त, इथेच कायमचं राहायला येणारे. त्यांचं एकच म्हणणं होतं, तपासणी झाल्याशिवाय व्यवहार नाही. मला फक्त मध्यस्थी करायची होती, घर मी अजून पाहिलेलंसुद्धा नव्हतं. बाईंच्या पसंतीच्या बैठ्या घराचा मालक घाई करत होता. कर्णिकांनी पाय मागे घेतला असता तर ते घरही हातचं जाणार होतं आणि बाई त्या जिन्याला बांधलेल्या राहणार होत्या.

"तपासायला हिराजीला आण," बाई म्हणाल्या.

"अण्णांनाच आणते. पण ते फार कडक आहेत हं."

"मना सांगतेस?" बाई उठता उठता म्हणाल्या. "भाऊस हाय माझा."

मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत अण्णांनी बहिणीचं नाव काढलं नव्हतं. संध्याकाळी त्यांच्याकडे गेले, सगळं सांगितलं. ते बशीतून चहा पीत होते, त्यांनी बशी खाली ठेवली.

"दुसरा बघ."

तापाने फणफणलेला असताना मफलर बांधून घर तपासणारा हा माणूस! मी म्हटलं, "दुसरा का? अहो, सख्खी बहीण तुमची."

"म्हणूनच." मग मिशी चावत ते बोलायला लागले. "दहा-बारा वर्षं झाली. बायनं घर बांधलं. ठेकेदार मूर्ख. खालती भला मोठा हॉल, मध्ये आधार न्हाय, वरती आख्खा मजला. तिला हॉल मोठा पाहिजे होता. सुनंदाचं लग्न घरातनं करायचं, भजनाला शंभर माणूस बसलं पाहिजे. मी बदलीवर होतो, आलो तो वास्तुशांतीच्या दिवशी. वर बघितलं आणि मनात गणित मांडलं. पूजा चालू होती, भटजी मंत्र म्हणत होते..."

"आणि तुम्ही बोललात."

"मोठ्यानं. म्हटलं, बाय, हॉलच्या मध्ये खांब घाल, न्हायतर हा बीम वाकणार आणि एक दिवस तुमच्या डोक्यावर येणार. सगळ्या भावकीसमोर."

"अण्णा! पूजा संपेपर्यंत तरी थांबायचं!"

"शंभर माणसं खाली बसली होती गो," अण्णा कळवळून म्हणाले. "थांबू कसा?"

बाईंनी ताट त्यांच्या पुढ्यातून उचललं आणि सांगितलं होतं, अपशकुनी मेल्या, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नको. तेव्हापासून अण्णांनी ठेवला नाही. भाचीच्या लग्नाला नाही, मेव्हण्याच्या मयताला रस्त्यावरूनच खांदा दिला. भावकीत कुणी बहिणीचं नाव काढलं की उठून जायचे.

"मग ती दुर्बीण..." माझी ट्यूब तेव्हा पेटली.

अण्णा ओशाळले. "वरचा सज्जा त्याच बीमावर हाय. बीम वाकला की सज्जा तिरका दिसणार. महिन्या-दोन महिन्यांनी बघून येतो. सरळच हाय अजून." त्यांनी मान हलवली. "माझ्या हिशेबानं चार वर्षांत वाकायला पाहिजे होता. कितीदा गणित मांडलं. वाकायलाच पाहिजे. पण न्हाय वाकला. मी चुकलो, वैशाली. आयुष्यात एवढं एकच घर चुकलो आणि रोज देवाला सांगतो, बाबा, मला चुकलेलाच राहू दे."

पण मीही एजंट आहे, गप्प कशी बसेन? म्हटलं, "हे बघा अण्णा, तुम्ही आला नाहीत तर कर्णिक दुसरा आणतील. तो पाच मिनिटांत सगळं ठीक म्हणून सही करेल. उद्या खरंच काही झालं तर दोन म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर. आणि कर्णिक मागे फिरले तर बाय जिना चढून चढून मरेल. काय ते ठरवा."

"तिनं माझं नाव घेतलं?"

"घेतलं."

"कसं घेतलं? शब्द सांग."

"म्हणाल्या, हिराजीला आण."

अण्णा उठले आणि उद्यासाठी शर्टाला इस्त्री करायला बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्णिक नवराबायको, मी आणि अण्णा थळला पोचलो. अण्णांनी रस्त्यातून सवयीने सज्ज्याकडे पाहिलं आणि उंबऱ्याबाहेर चपला काढून तिथेच उभे राहिले. आत पाऊल टाकेनात. पार्वतीबाई काठी टेकत दारात आल्या. बहीणभाऊ एकमेकांकडे बघत राहिले. दोघंही म्हातारी झाली होती, आणि ते दोघांनाही त्याच वेळी कळलं असावं.

"आत ये," बाई म्हणाल्या. "भिंती काय बाहेरनं चाटणार?"

अण्णा मान वर करूनच आत गेले, नजर थेट छतावर. त्यामुळे चालता चालता ते कशावर तरी आपटले. हॉलच्या बरोब्बर मध्ये, कपाळमोक्ष व्हावा असा, एक जाडजूड खांब उभा होता.

इतका कुरूप खांब मी आजवर बघितलेला नाही. सोफा त्याला वळसा घालून मांडलेला. टीव्ही असा की एका खुर्चीवरून डावी बाजू दिसणार, दुसरीवरून उजवी. कर्णिक म्हणाले, "घर सगळं आवडलं, फक्त हा खांब तेवढा मध्येच येतो. काढता येईल का?"

"हात लावून बघा!" अण्णा असे ओरडले की कर्णिकबाई दोन पावलं मागे सरल्या. मग अण्णा खांबाकडे वळले, वरपासून खालपर्यंत त्यांनी हात फिरवला. हातोडी शबनममध्येच राहिली.

"बाय," ते म्हणाले, "हा कधी घातलास?"

"वास्तुशांतीचा मांडव निघाला त्याच आठवड्यात."

"कुणाच्या सांगण्यावरनं?"

"आख्ख्या गावात माझं घर पडंल म्हणून सांगणारा दुसरा कोन हाय?" बाई फणकारल्या. "नाखवा बोलले, र्‍हाव दे, हिराजीला सवय हाय. मी बोलले, हिऱ्या तोंडाचा फाटका हाय, पन त्याचं गणित चुकत न्हाय. खाली खड्डा खणून पायापासनं घातला. माझा हॉल गेला. भजनाला अर्धी माणसं ह्या बाजूला, अर्धी त्या. सुनंदाच्या साखरपुड्याचे फोटो बघ, नवरी अर्धी, खांब आख्खा."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कामाला लागले. अशी तपासणी मी त्यांची कधी पाहिली नव्हती. गोटी प्रत्येक खोलीत फिरली, वर बादल्या ओतल्या, गच्चीवर ओणवे होऊन त्यांनी भेगा बघितल्या. बहिणीचं घर म्हणून सूट दिली नाही. गच्चीला पाणी मुरतंय, दुरुस्ती पाहिजे. मागच्या न्हाणीघराचा पाइप सडलाय. बाकी सळया ठीक, रेती नदीची, पाया भक्कम. सगळं त्यांनी कर्णिकांना आणि बाईंना समोरासमोर बसवून सांगितलं. बाईंनी गच्चीची दुरुस्ती करून द्यायचं कबूल केलं. कर्णिकांनी बायकोकडे पाहिलं, तिने मान हलवली आणि त्यांनी खांबासकट घर घेतलं. बाईंचं बैठं घर पक्कं झालं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

अण्णांनी शबनम खांद्याला लावली, पण पाय निघेना. दाराशी गेले, परत आले.

"बाय, एक शब्द सांगितला असतास तर. बारा वर्षं मी..." त्यांनी शबनम परत खाली ठेवली. "मी उन्हातान्हात झाडामागे उभा राहून सज्जा बघत होतो गो."

"मना ठाव हाय. मी वरच्या खिडकीतनं तुला बघत होते."

"मग हाक मारायची!"

"तू यायचं होतंस!"

"तूच सांगितलं होतंस ना, दारात पाय ठेवू नको म्हणून!"

पार्वतीबाई काठी टाकून खुर्चीत बसल्या आणि त्यांचं तोंड लहान पोरीसारखं वाकडं झालं. "मेल्या, लहानपणापासनं माझं एक तरी ऐकलंस काय? झाडावर चढू नको म्हटलं, चढलास. खाडीत उडी मारू नको म्हटलं, मारलीस. पूजेत बोलू नको म्हणून खुणा करत होते, तेपन ऐकलं न्हायस. मग तेवढं एकच कसं रं ऐकलंस?"

अण्णा तिच्या पायाशी जमिनीवर बसले. मला भडभडून आलं. मी कर्णिकांना म्हटलं, चला, मागची विहीर दाखवते, आणि त्यांना घेऊन बाहेर आले. विहीर त्यांनी दोनदा पाहिलेली होती, पण बिचारे काही बोलले नाहीत.